तुम्ही विचारलंत म्हणून: स्प्रिंगवरचं कार्ड पडद्याबाहेर का उडतं?

वेबजीएलमध्ये (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याची सोय) स्प्रिंगवर झुलणारं कार्ड ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजं होणाऱ्या पडद्यावर नीट चालतं, १२० हर्ट्झच्या फोनवर घाई करतं आणि टॅब बदलून परत आलं की गायबच होतं. असं का, हे आम्हाला सतत विचारलं जातं. बहुतेक जण शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा चित्र काढायचा छोटा प्रोग्राम, तपासत बसतात. दोष असतो वेळेच्या हिशोबात.

रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम, म्हणजे प्रत्येक नव्या चित्राआधी (फ्रेमआधी) आपला कोड चालवणारं ब्राउझरचं फंक्शन, पडद्याच्या गतीने चालतं: ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १२० ला ८.३ नी. दर फ्रेमला स्प्रिंग सारखीच पुढे ढकलली, तर दुसऱ्या पडद्यावर ती दुप्पट वेगाने धावणारच. म्हणून दोन फ्रेममधल्या वेळाने गुणायचं, इथवर बरेच जण येतात. पण टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात. परतल्यावर हा वेळ काही सेकंदांचा निघतो आणि एवढ्या मोठ्या पावलात स्प्रिंगचं गणित फुटतं.

पाऊल, म्हणजे गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो, कायम १/१२० सेकंदाचं ठेवा. फ्रेमचा वेळ साठवत जा, मात्र एका फ्रेमला ०.०५ सेकंदांहून जास्त जमा करू नका. साठ्यात पूर्ण पाऊल मावतंय तोवर गणित चालवा. उरलेल्या अंशाच्या प्रमाणात मागची आणि ताजी जागा मिसळून कार्ड काढा. हे मिसळणं गाळलंत तर १४४ हर्ट्झवर कार्ड बारीक थरथरतं, कारण काही फ्रेमना पाऊलच पडत नाही. पावलात आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा. दोन्ही जुन्याच आकड्यांवरून काढलंत आणि दमन (झोके विझवणारा रोध) नावापुरतं असेल, तर झोके विझायच्या ऐवजी वाढत जातात.

आकडे हवेत? वस्तुमान १, कडकपणा १७०. न झुलता लवकरात लवकर थांबायला दमन २×√१७०, म्हणजे सुमारे २६. दमन १५ ठेवलं तर कार्ड साधारण ११ टक्के पुढे जाऊन मागे येतं. आम्हाला हेच जिवंत वाटतं.

बोट सोडतानाचा वेग शेवटच्या ८० मिलिसेकंदांतल्या हालचालीवरून काढा. बोट स्थिर धरून मग सोडलं तर मधे एकही इव्हेंट येत नाही. अशा वेळी वेग शून्य धरा, नाहीतर शिळ्या वेगाने कार्ड भिरकावलं जातं.

एका कार्डाचं गणित जावास्क्रिप्टमध्येच राहू द्या. शेडरला जागा आणि वळण युनिफॉर्म (बाहेरून दिलेली किंमत) म्हणून पुरवलं की झालं. पाण्याच्या लहरींची २५६×२५६ची जाळी म्हणजे ६५,५३६ बिंदू; तिथे जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, हवाच. दोन टेक्स्चर (जीपीयूवर आकडे साठवणाऱ्या प्रतिमा) आलटूनपालटून वापरा, एकातून वाचा, दुसऱ्यात लिहा. वेबजीएल २ मध्ये फ्लोट (दशांश आकड्यांच्या) टेक्स्चरवर लिहायचं तर 'ईएक्सटी कलर बफर फ्लोट' हे एक्स्टेन्शन आधी मागावं लागतं, नाहीतर फ्रेमबफर (जीपीयू जिथे लिहितो ती जागा) अपूर्ण राहतो आणि लहरी उमटतच नाहीत. रीडपिक्सल्स या फंक्शनने दर फ्रेमला उत्तर जीपीयूकडून परत वाचू नका. जीपीयूचं काम संपेपर्यंत सगळं खोळंबतं.

कार्ड थांबलं की लूपही थांबवा, बॅटरी वाचते. ज्यांनी सिस्टीममध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांना कार्ड थेट जागेवर दाखवा. आणि कॅनव्हाससोबत (पानावरची चित्र काढायची चौकट) खरं एचटीएमएल बटण ठेवाच: कॅनव्हासवर रंगवलेल्या बटणापर्यंत कीबोर्डची टॅब की पोचत नाही, स्क्रीनरीडरही नाही.