ओव्याचा काढा का फसला, ते सापडलं

मंडळी, कोकरांचं वजन वाढावं आणि लेंड्या घट्ट व्हाव्यात म्हणून ओवा-लसणाचा काढा पाजतोय असं मागे लिहिलं होतं, तो बंद केलाय. रविवारच्या वजनानं निकाल लावला. ओव्याच्या गटातली सहा कोकरं २१ दिवसांत सरासरी रोज ८२ ग्रॅम वाढली, नुसत्या खुराकावरची सहा ८४ ग्रॅम. लेंड्याही दोन्हीकडे सारख्याच पातळ. रात्री जेवण गेलं नाही.

कोडं आईनं सोडवलं. "उकळताना वास पार वाड्यापर्यंत येतो, आणि गार झालेल्या काढ्याला काहीच नाही." खरंच होतं! ओव्यातलं कामाचं ते थायमॉल, म्हणजे 'ओव्याचं फूल' म्हणतात ते उग्र वासाचे खडे. पाण्यात जेमतेम विरघळतं आणि वाफेबरोबर उडून जातं. म्हणून तर जुने लोक वाफ गार करून अर्क काढायचे. मी उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळत होतो. लसूण ठेचल्यावर त्यात जो उग्र घटक तयार होतो, तोही उकळीत टिकत नाही.

आता ओवा रोज ताजा कुटतो, शेंगदाणा तेलात घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवतो आणि सकाळी मक्याच्या भरड्यात कालवतो. कोकरामागे २ ग्रॅम. पहिले दोन दिवस कोकरांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गुळाचं पाणी शिंपडलं आणि गव्हाण चाटून साफ! ती कानी लाल ठिपक्याची तर माझी बोटंही चाटत होती.

ओवा नाशिकच्या रविवार कारंजावरून सुटा घ्या, तळहातावर चोळून वास बघून. ऑनलाइन मागवलेल्या 'शुद्ध' तेलाला लवंगेचा वास होता, पैसे गेले.

लिहितानाच लक्षात आलं: तेल-गूळ एकाच गटाला दिला तर वजन कशानं वाढलं, कसं कळणार? उद्यापासून दुसऱ्या गटालाही तेवढंच तेल, तेवढाच गूळ, फक्त ओवा नाही. म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून.

टॅनिनसाठी, म्हणजे तुरट द्रव्यासाठी, दिंडोरीकडच्या वायनरीतला द्राक्षाचा चोथा आणायचं ठरवलं होतं, तेही रद्द. बागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक पडतं. मोरचुदात तांबं असतं, आणि मेंढीला जास्तीचं तांबं सोसत नाही. यकृतात गुपचूप साठतं, मग एके दिवशी लघवी लालकाळी आणि जनावर आडवं. त्यापेक्षा बांधावरच्या बाभळीच्या शेंगा बऱ्या. चैत्रात गोळा करून वाळवतो, आधी दोनच कोकरांना, मूठभर.