गाळण्यातलं पान

आमच्या घरात चहाच्या चोथ्याकडे कुणी बघत नाही. तो गाळण्यातून थेट गुलाबाच्या कुंडीत जातो. परवा दुपारी मात्र गाळणं उपडं करता करता हात थांबला. चोथ्यात एक अख्खं पान होतं. उकळून मऊ पडलेलं, पण कडेचे बारीक दाते शाबूत. त्याच देठाला दुसरं पान आणि मध्ये मिटलेली कळी. भाच्यानं दार्जिलिंगहून आणलेला पुडा आईनं फोडला होता आणि आलं, साखर, म्हशीचं दूध घालून चांगला खळखळ उकळला होता. वर शेरा, "एवढा महाग म्हणतोस, रंग कुठाय ह्याला?"

रंग नसणारच. आपली रोजची दाणेदार पूड म्हणजे दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी केलेलं पान. ते यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं. पान जितकं चिरडावं तितका त्याचा रस हवेला लागतो, लालकाळा होतो आणि दुधाला पुरून उरतो. आपल्याला चहा दुधाशी दोन डाव खेळणारा लागतो. कोल्हापुरात चहाची चौकशीच मुळी दुधापासून सुरू होते: म्हशीचं आहे का, पाणी किती घातलंय. पानाची विचारपूस कोण करतंय!

मीही केली नसती. पण मुन्नारच्या सहलीत हौसेनं चहाचं एक रोप घेतलं आणि गच्चीवर लावलं. कुंडीत शेतातली काळी माती, वरून बोअरचं पाणी. महिन्याभरात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी आणखी पाणी घातलं. शेजारचे काका म्हणाले, "उसाला हीच माती चालत्या, मग ह्याला काय धाड भरल्या?" धाड मातीतच होती. चहाला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या मातीत लोह असतं, पण ते चहाच्या मुळांना घेता येत नाही. त्याला पाऊसही भरपूर हवा, पण पायाशी पाणी थांबलेलं चालत नाही. आणि काळी माती तर ओल सोडायला तयार नसते. रोप गेलं. कुंडीत आता पुदिना आहे.

तेव्हापासून चहाबद्दल काही दिसलं की वाचतो. त्यातलं तुडतुड्यांचं प्रकरण मला फार आवडलं. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या तोडणीत जो द्राक्षासारखा वास येतो, त्यात हिरव्या तुडतुड्यांचाही हात असतो. ते कोवळा शेंडा शोषतात, झाड बचावासाठी वासाची द्रव्यं तयार करतं आणि तोच वास लोक पैसे मोजून पितात. आपल्याकडे तुडतुडे दिसले की पाठीवर पंप चढतो. कॅफीनचीही तीच गत. कोवळ्या कळीत ते जास्त असतं, किड्यांनी तोंड लावू नये म्हणून. म्हणजे दुपारी तीनची माझी तरतरी मुळात कुठल्या तरी अळीसाठी ठेवलेलं विष आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग अर्धाच कप देऊ?"

शाळेच्या सहलीत पन्हाळ्यावर बाईंनी सांगितलं होतं, इथं शाहू महाराजांनी चहा लावून बघितला होता. झालं! आम्ही चार पोरं दुपारभर झुडपं हुंगत फिरलो. एकानं करवंदीचं पान चावलं, चीक ओठाला लागला आणि डब्यातली पोळीभाजी तशीच परत घरी गेली. आता वाटतं, जागा महाराजांनी बरोबर हेरली होती. जांभ्याची तांबडी माती, पाणी न थांबणारा उतार, तीन हजार फुटांची उंची, पावसाळ्यात हाताला लागेल असं धुकं. थंडाव्यात पान सावकाश वाढतं, म्हणून त्याला वास धरतो. अडचण दिवाळीनंतरची. आसामात मार्च-एप्रिललाच सरी सुरू होतात. आपल्याकडे पुढचा पाऊस थेट वळवाचा, आणि त्याचाही भरवसा नाही. तोवर झाडानं काय करायचं?

महाराजांचा दुसरा चहा मात्र खाली शहरात रुजला. गंगाराम कांबळे राजवाड्यातले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं होतं. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून स्वतः गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे.

त्या चहात पान कुठलं होतं, पूड होती की पत्ती, दूध म्हशीचं की गायीचं, माझ्या वाचनात कुठं आलेलं नाही. त्या मंडळींपैकी कुणी कप हातात घेऊन त्याच्या रंगाबद्दल काही बोललं असेल, असंही वाटत नाही.