आजचा दिवस सिबिलबाईंच्या नावावर

सुट्टी होती म्हणून कपाट आवरायला घेणार होते, पण सकाळी इंग्लिश नाट्यअभिनेत्री सिबिल थॉर्नडाइकबद्दल काहीतरी वाचायला लागले आणि कपाट राहिलं तसंच. बाईचा जन्म १८८२ चा, व्हायचं होतं पियानिस्ट, पण मनगट दुखायला लागलं आणि ते स्वप्न संपलं, मग भाऊ रसेल म्हणाला नाटकात ये. पुढे पहिल्या महायुद्धात लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात, पुरुष नट सगळे आघाडीवर, तर ही शेक्सपिअरचा प्रिन्स हॅल काय, लिअरचा विदूषक काय, सगळं करत सुटली, आणि घरात चार लहान पोरं!! (त्याच काळात आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे, काय गंमत ना.) मग १९२४ ला बर्नार्ड शॉचं नाटक 'सेंट जोन', म्हणजे जोन ऑफ आर्कची गोष्ट. जोन एकोणीस वर्षांची, सिबिल एक्केचाळिशीची, आणि शॉने भूमिका लिहिली तीच हिला डोळ्यासमोर ठेवून. आपल्याकडे चाळिशीतल्या बाईला लगेच हिरोची आई करतात, असो.

मला मात्र जास्त आवडलं ते दुसऱ्या महायुद्धातलं. डेम (ब्रिटिश सरकारी किताब) वगैरे होऊन झालेलं, वय साठीकडे, आणि ही वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावागावात नवऱ्यासोबत मॅकबेथ घेऊन फिरत होती.