उडी मारताना भीती वाटली नाही का?

हा प्रश्न शाळेतली पोरं विचारतात, भरतीची तयारी करणारे विचारतात, परवा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यांनीही विचारला. चारचौघांत मी विषय बदलतो. तुम्ही घरी येऊन, शांतपणे विचारलंत म्हणून सांगतो.

मी २ पॅरामधला, म्हणजे विमानातून पॅराशूटनं उडी मारणाऱ्या लष्करी पलटणीतला. पूर्वीची तिसरी मराठा ती हीच पलटण. ११ डिसेंबर १९७१ ला आम्ही ढाक्याच्या वायव्येला, टांगाईलजवळ उतरलो. लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा होता. मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे मागं हटणारी पाकिस्तानी ब्रिगेड त्याच वाटेनं येणार होती.

विमानात इंजिनाच्या आवाजापुढं शेजारच्याचं बोलणं कळत नाही. सगळं खुणांवर चालतं. उभं राहायचं, डोक्यावरच्या तारेत हूक अडकवायचा आणि पुढच्या गड्याची पाठ तपासायची. पट्टा पिळलाय का, दोरी मोकळी आहे का. पॅराशूट त्या दोरीनंच ओढून उघडतं, म्हणून तिच्याकडं दोनदा बघायचं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती मागचा बघतो. सगळं ठीक असलं की खांद्यावर थाप मारतो. आग्र्याला ट्रेनिंगच्या पाच उड्यांतही हेच, आणि त्या दिवशीही हेच. थाप पडली की माझं मन स्थिर व्हायचं. मग लाल दिवा, हिरवा दिवा, आणि दार.

खरी भीती वाटली ती जमिनीवर, रात्री पुलापाशी. उतरताना आम्ही बरेच पांगलो होतो. गावकऱ्यांनी आमचं जड सामान वाहून आणायला हात दिला, ते उपकार फिटायचे नाहीत. अंधारात शत्रू पुन्हा पुन्हा चालून आला. त्या रात्रीचं याहून जास्त मला सांगवत नाही. पुढं पहिली मराठा येऊन मिळाली, आणि १६ तारखेला ढाका पडलं.

पेन्शनवर गावी आलो, शेती धरली. पहिलं वर्ष फार जड गेलं. रात्री उठून अंगणात बसायचो. घर भरलेलं, तरी पाठीमागं कुणी नाही असं वाटायचं. हे मी कुणाला बोललो नाही, घरातल्या मंडळींनाही नाही.

एका सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघालो होतो. मंडळी मागनं आल्या. "थांबा जरा, पट्टा पिळलाय," म्हणाल्या. पट्टा सरळ केला, खांद्यावर हलकेच थोपटलं आणि चुलीकडं गेल्या. विमानातलं त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो, डोळे पुसले आणि मग रानात गेलो.

अजूनही पंप पाठीवर चढवला की मी अंगणात थोडा थांबतो. त्या येतात.