तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्डो कोणती घ्यायची, आणि ठेवायची की प्यायची?

“तू तिकडे फ्रान्समध्ये, बोर्डोतच राहतेस, तर एक सांग. फार महाग नाही पण चांगली अशी लाल बोर्डो वाइन कोणती? आणि लगेच प्यायची की ठेवून द्यायची?” हा प्रश्न मला पॅरिसच्या विमानतळावरून येतो, नाशिकच्या लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी बोलायला लागले की समोरच्याचं लक्ष उडतं, आणि मग “तू फार खोलात जातेस” हेही ऐकावं लागतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

नाव आधीच देते. लेबलवर ‘कास्तियों’ किंवा ‘फ्रॉन्साक’ शोधा, बोर्डोतल्याच या दोन जागा. सेंत-एमिलियों या शेजारच्या नामांकित भागाच्या खालचा चुनखडीचा दगड पूर्वेला कास्तियोंपर्यंत जातो, द्राक्षही तेच, बहुतेक मेर्लो. भाव मात्र बऱ्याचदा निम्म्याहून कमी. फ्रान्समध्ये दहा ते वीस युरोंत इथली मन लावून केलेली बाटली मिळते. जिरोंद नदीच्या डाव्या काठाची, काबर्ने द्राक्षाची हवी असेल तर ‘क्रू बुर्जुआ’ या दर्जाच्या यादीतली, ओ-मेदोक किंवा मूलिस भागातली घ्या. ती यादी दर पाच वर्षांनी नव्याने, वाइन चाखून ठरते. बड्या बागांची प्रतवारी करणाऱ्या ज्या 1855 च्या यादीचा सगळे धाक घालतात, तिच्यात कास्तियों, फ्रॉन्साकच काय, पोमरॉलसारखा महागडा भागसुद्धा नाही. इतक्या वर्षांत तिच्यात मोठा बदल म्हणावा असा एकच, 1973 मध्ये मूतों-रोथशिल्ड या बागेला पहिल्या वर्गात घेतलं तो.

आता साल. 2021 ला एप्रिलमध्ये थंडी पडली, पुढे पाऊस आणि वेलींवर केवडा रोग. त्या वाइन हलक्या आहेत, पिऊन टाका. 2019 आणि 2020 आत्ताही छान लागतात. 2016 मध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा, भरपूर आणि आंबटपणाही नीट आहे. चांगल्या घरची असेल तर तिला वेळ द्या.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड जातं ते “फार महाग नाही” या अटीवर बोलणं.

मी कास्तियोंजवळ राहते. शेजारचे आजोबा तिसऱ्या पिढीचे द्राक्षवाले, बरीचशी वाइन सुटी विकणारे. सुटी वाइन इथे ‘तोनो’त मोजतात. एक तोनो म्हणजे 900 लिटर, म्हणजेच 1200 बाटल्या. 2023 च्या सुमारास साध्या लाल बोर्डोचा भाव तोनोला 1000 युरोंच्याही खाली गेला होता. बाटलीमागे एक युरोसुद्धा नाही, आणि त्यातच छाटणी, फवारणी, मजुरी, पिंपं. त्याच वर्षी सरकार आणि इथल्या वाइनधंद्याच्या संघटनेने बागा उपटून काढायची योजना आणली. हेक्टरी 6000 युरो, उद्दिष्ट 9500 हेक्टरांचं. काढलेल्या जागी पुन्हा द्राक्ष लावायचं नाही. आजोबांनी अर्ज केला.

हिवाळ्यात मशीन आलं. मी सुट्टी काढून गेले होते, कारण त्यांचा मुलगा येणार नव्हता. ओळीच्या टोकाला मशीन लागलं की खोड आधी थोडं अडायचं, मग मुळांसकट वर यायचं, आणि लोखंडी तारा ताणून सुटल्याचा आवाज व्हायचा. आजोबा काही बोलत नव्हते. मी फोनवर बाबांना दाखवत होते. बाबांनी निफाडला गारपिटीनंतर स्वतःची बाग तोडलेली आहे. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “खुंट कोणता आहे?” खुंट म्हणजे ज्या मुळांवर वेलीचं कलम केलेलं असतं ते. मी विचारून सांगितलं. मग वेलीच्या आडव्या फांद्यांकडे बघून “ओलांडे बघ केवढे जाड आहेत,” म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. खुंट कळून त्यांना काय करायचं होतं? पण दुसरं विचारणार तरी काय.

संध्याकाळी आजोबांनी 2005 ची बाटली उघडली. त्याच तुकड्यातली, त्यांनी स्वतः बाटलीत भरलेली. गाळ खाली बसलेला, तुरटपणा पार विरलेला, वास चामड्याचा आणि सुकलेल्या मनुक्यांचा. ती वाइन त्यांनी कधी सहा युरोंच्या वर विकलेली नव्हती. “चांगली टिकली,” एवढंच म्हणाले.

आणि मीच या वाइनबद्दल सगळ्यांना सांगत आले होते की एवढ्या पैशांत एवढी चांगली कुठे मिळणार!

मग काय, महागच घ्यायची का? नाही. शंभर युरो मोजलेत म्हणून कास्तियोंच्या शेतकऱ्याला काही मिळत नाही. सहाऐवजी पंधरा द्या, थेट शेतावरून किंवा बागायतदाराचं नाव सांगू शकणाऱ्या दुकानातून घ्या. हेही पुरेसं नाही, मला माहीत आहे. लोक मुळात लाल वाइन कमी पितायत, माझ्या सल्ल्याने ते बदलणार नाही.

राहिला ठेवण्याचा प्रश्न. पूर्वी मी प्रत्येकाला थांबायला सांगायची, दहा वर्षं, बारा वर्षं. ते म्हणणारी मी आजही मला पूर्ण चूक वाटत नाही, कारण ती 2005 मी प्यायले आहे. पण तिला तळघर मिळालं होतं. बारा-चौदा अंश, अंधार, ओलसर हवा, बाटली आडवी म्हणजे बूच सुकत नाही. तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे आहे, वीज जाते, आणि कपाटामागची भिंत दुपारची तापते. तिथे वाइन पिकत नाही, शिजते. भारतात नेणार असाल आणि वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल, तर पुढच्या उन्हाळ्याआधी प्या. नेहमीच्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालेल, वर्षानुवर्षं नाही. तिथली हवा कोरडी असते.

आणि फ्रान्समध्ये, लंडनमध्ये, जिथे थंड जागा आहे तिथे? एकाच वाइनच्या तीन घ्या. एक आत्ता प्या, जेवणाबरोबर, तासभर आधी उघडून. मटणाच्या रश्शाला 2019 चं फ्रॉन्साक उत्तम जातं, फक्त तिखट बेताचं ठेवा, नाहीतर टॅनिन जिभेवर चढतं. दुसरी पाच वर्षांनी. तिसरी कधी, यावर आजोबांचं आणि माझं एकमत नाही. त्यांच्याकडे त्या तुकड्याची 2016 ची अजून काही खोकी आहेत. मी म्हणते 2030 पर्यंत थांबा. ते म्हणतात, या उन्हाळ्यात ये, उघडू.