नातवाची दाढ आणि डाएट शीट : माझा अनुभव

लहान मुलाच्या दातांचं काम डेंटल कॉलेजमध्ये करायचं ठरवलं असेल, तर तिथे मिळणाऱ्या 'डाएट शीट' नावाच्या, म्हणजे मूल काय खातं ते लिहून द्यायच्या, कागदाबद्दल आधी वाचून जा. केस पेपर, एक्स-रे, पोराला खुर्चीत बसवणं, यातलं काहीच आम्हाला जड गेलं नाही. अडलो ते त्या कागदापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले.

ओजस ५ वर्षांचा. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला नोकरीला, त्यामुळे दिवसभर तो माझ्याकडेच असतो. एका रात्री गाल धरून रडत उठला. टॉर्च लावून पाहिलं तर खालची दाढ मधोमध काळी. सोसायटीत ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." अहो, पुढचे पडतात ६-७ व्या वर्षी. दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच राहत नाही.

आम्ही पुण्यातल्या धायरीचे. सकाळी लवकर पीएमपीच्या बसने निघालो. केस पेपर, एक्स-रे पटापट झालं, दुखऱ्या दाढेत त्याच दिवशी औषध भरलं आणि रात्री पोर शांत झोपलं. मग बाकीच्या कामाची तारीख मागितली, तर हातात तो कागद ठेवला. काय खातो ते आठवडाभर लिहून आणा, त्याशिवाय केस पुढे जाणार नाही.

कागद सगळा इंग्रजीत. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. सात वार आणि प्रत्येक वारापुढे चार चौकटी : ब्रेकफास्ट, लंच, इव्हनिंग, डिनर. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली आहे, कागद कसा भरायचा ते मला ठाऊक आहे. पोहे, वरण-भात, पोळी-भाजी, खिचडी, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून नेलं. टेबलावरच्या माणसाने एक नजर टाकली आणि कागद परत सरकवला. "आजी, वेळा कुठायत? मधलं खाणं कुठंय? पुन्हा भरून आणा."

वेळ लिहा असं या कागदावर कुठे छापलंय, असं मी विचारलं. "ते सगळ्यांना माहीत असतं," म्हणाला. माझ्यामागे हडपसरहून आलेली एक आई होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती बिचारी, तिचाही कागद तसाच परत. तिच्या मुलीचा गाल सुजलेला दिसत होता. तिला तरी आधी आत घ्या, असं मी जोरात बोलले, तेव्हा कुठे तिला आत घेतलं.

पुढच्या खेपेला वेळा लिहून नेल्या. आता टेबलावर दुसरीच व्यक्ती. तिचं म्हणणं, दुधात साखर किती चमचे ते नाही. त्यानंतर आणखी कुणी म्हणालं, रविवार कोरा आहे, सुट्टीच्या दिवशी मुलं जास्त खातात, तो वार हवाच. अहो, मग हे सगळं पहिल्याच दिवशी एका दमात का सांगत नाही? कागदाच्या खाली मराठीत चार ओळी छापायला असा काय खर्च येतो? आजारी पोराला घेऊन माणसं बस बदलत येतात. तीन माणसांचे तीन नियम, आणि जो तो आपलाच नियम खरा म्हणणार.

शेवटी मी विभागातल्या मोठ्या मॅडमच्या दाराशी बसून राहिले. त्या बाहेर आल्या, कागद पाहिला आणि तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने रेघा मारल्या. "आजी, तो किती जेवतो हे मला नकोय. दिवसभरात त्याच्या दातांना गोड किती वेळा लागतं, ते हवंय."

ही एक ओळ मला आधी कुणी सांगितली असती तर सगळ्या चकरा वाचल्या असत्या. मॅडमनी नीट समजावलं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, आणि दुधाच्या दाताचं कवच मुळातच पातळ असतं. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. म्हणजे जेवणानंतर एकदाच लाडू खाल्ला तर एकदाच मार बसतो. तेवढंच गोड दुपारभर थोडं थोडं चघळलं तर दाताला सावरायला फुरसतच मिळत नाही. गूळ असो की मध, जंतूंना साखरच. बिस्किट, टोस्ट गोड लागोत न लागोत, पीठ होऊन दाढेच्या खाचांत बसतात.

मग मी त्यांच्या रेघांप्रमाणे वही आखली. वेळ, काय खाल्लं, चिकट की पातळ, गोड आहे का, नंतर पाणी प्यायला का. तुम्ही सरळ अशीच आखा, त्यांच्या चौकटींच्या नादी लागू नका. औषधाचं गोड सिरपही लिहा, रात्री झोपताना दिलेलं तर नक्कीच. आणि मुलाला स्वतःला विचारा. ओजसला विचारलं तेव्हा कळलं की व्हॅनवाले काका रोज घरी सोडताना सगळ्या मुलांना लिमलेटची गोळी देतात, आणि हा ती गालात धरून जिना चढतो. ज्या दाढेला कीड, त्याच बाजूला.

वही भरल्यावर सगळं समोर आलं. १०:३० ला डब्यात क्रीमचं बिस्किट, १२:४५ ला गोळी, ४ ला चॉकलेट पावडरचं दूध, ५:३० ला बागेत पॅकबंद ज्यूस, ६:१५ ला चिक्की, ९:३० ला पुन्हा गोड दूध आणि लगेच झोप. मॅडमनी लाल पेनाने फक्त गोल केले. झोपेत लाळ कमी होते, म्हणून शेवटच्या गोलावर दोनदा पेन फिरवलं. दूध बंद करायला त्यांनी अजिबात सांगितलं नाही. साखर-पावडर न घालता द्या, मग ब्रश, त्यानंतर फक्त पाणी.

ब्रशचंही तिथेच दाखवलं. दातांना एक रंग लावतात, जिथे थर साचलेला असतो तिथे तो गडद दिसतो. ओजसचे पुढचे दात स्वच्छ निघाले, पण मागच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, हिरडीलगत, जर्द गुलाबी पट्टा होता. तो स्वतः ब्रश करायचा, तिथवर त्याचा हात वळतच नाही. ७-८ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानेच ब्रश फिरवायचा. मी पलंगावर बसते, तो डोकं माझ्या मांडीवर ठेवून आडवा होतो, मग मागचं सगळं दिसतं. पेस्ट वाटाण्याएवढी, ३ वर्षांच्या आत असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. पाकिटावर फ्लोराइड (दाताला किडीपासून वाचवणारा घटक) १००० पीपीएम आहे ना ते बघून घ्या. ब्रश झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

डब्यात आता काकडी, शेंगदाणे घातलेली उसळ, पनीर किंवा थालीपीठ असतं. चिक्की बंद केलेली नाही, ती जेवणाच्या ताटात येते. व्हॅनवाल्या काकांशी बोलले. त्यांनी एका शब्दात ऐकलं आणि आता ते शुक्रवारी स्टिकर देतात. वाढदिवसाला मिळणाऱ्या खाऊच्या पुड्यांचं काय करायचं ते मात्र अजून सुटलेलं नाही. सोसायटीतल्या आयांशी बोलते आहे.

दुखऱ्या दाढेची नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवली. बाकीच्या दातांवर फ्लोराइडचं वार्निश लावलं, ते दर काही महिन्यांनी पुन्हा लावायचं आहे. दोन दातांवर हिरडीलगत पांढुरके डाग होते. ही किडीची अगदी पहिली पायरी, इथून दात परत फिरू शकतो, असं मॅडम म्हणाल्या. असे डाग आहेत का, तुमच्या मुलांचे वरचे पुढचे दात आजच ओठ उचलून बघा.

तिथे टोपीचं काम करायच्या दिवशी आई-वडिलांपैकी एकाची सही लागते, आजी-आजोबांची चालत नाही. माझ्या सुनेला मीटिंग सोडून यावं लागलं. तारीख घेतानाच हे विचारून ठेवा. आणि ६ वर्षांच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. एकही दात न पडता येते, म्हणून ती दुधाचीच वाटते, पण ती पक्की असते, जन्मभराची. ती पुरती वर आली की खाचा बुजवून घ्यायला मॅडमनी बोलावलं आहे.