शून्य येतं कुठून

अणूतला इलेक्ट्रॉन प्रकाश सोडून किंवा शोषून एका अवस्थेतून दुसरीत जातो (हेच संक्रमण), तेव्हा त्याचा कोनीय संवेग सांगणारा अंक एल एकनेच बदलतो. ‘डेल्टा एल बरोबर प्लस-मायनस एक’ हा निवड नियम एमएस्सीला मी पाठ करून लिहिला आणि मार्कही मिळवले. तो खरा कळला पुढे दोन वर्षांनी, हायड्रोजनची दोन इंटिग्रल एकाखाली एक मांडली तेव्हा.

प्रकाश झेड दिशेने ध्रुवित धरा. संक्रमणाची संभाव्यता मॅट्रिक्स एलिमेंटच्या वर्गावर ठरते: एका बाजूला आधीची अवस्था, दुसऱ्या बाजूला नंतरची, मध्ये झेड, म्हणजे आर कॉस थीटा. हायड्रोजनच्या २एस आणि १एस या अवस्था (एल शून्य) दोन्ही गोल, त्यांच्यात थीटा नाहीच. म्हणून कोनाचं इंटिग्रल उरतं कॉस थीटा गुणिले साइन थीटा, शून्यापासून पायपर्यंत. वरच्या अर्ध्या गोलातून जेवढं अधिक येतं, तेवढंच खालच्यातून उणे. शून्य! आता २एसच्या जागी २पी (एल एक) ठेवा, एम, म्हणजे झेड दिशेच्या कोनीय संवेगाचा अंक, शून्य असलेली. तिचा स्वतःचा एक कॉस थीटा येतो, वर्ग होतो, उत्तर २/३. मी पेन खाली ठेवून नुसती त्या दोन ओळींकडे बघत बसले होते.

सर्वसाधारण नियमही इथूनच निघतो. कॉस थीटाने गुणलं की गोलीय हार्मोनिकचा, म्हणजे अवस्थेच्या कोनावर अवलंबून असलेल्या भागाचा, एल एकने वाढतो किंवा एकने घटतो, तिसरं काही होत नाही.

फरक केवढा पडतो बघा. २पी १.६ नॅनोसेकंदात खाली येते. २एस सुमारे ०.१२ सेकंद टिकते, म्हणजे सात कोटी पटींहून जास्त! आणि उतरते तीही एकदम दोन फोटॉन सोडून.

या नियमात न बसणाऱ्या संक्रमणांना ‘निषिद्ध’ म्हणतात; त्या शब्दाने मात्र माझी बरीच दिशाभूल केली. आपण प्रकाशाच्या लहरीचा ई-चा-आय-के-आर (ई चा आय-के-आर वा घात) हा घटक सरळ १ धरतो, कारण तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर आणि अणूची त्रिज्या जेमतेम ०.०५. शून्य आलं ते या अंदाजात, ज्याला विद्युत द्विध्रुव अंदाज म्हणतात. त्या घटकाच्या मालिकेतलं १ नंतरचं पद घेतलं की चुंबकीय द्विध्रुव आणि विद्युत चतुर्ध्रुव संक्रमणं येतात, फारच मंद, पण येतात. ध्रुवीय प्रकाशातला (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या ऑरोरातला) हिरवा रंग, ५५७.७ नॅनोमीटर, हे ऑक्सिजनचं असंच चतुर्ध्रुव संक्रमण. त्या अवस्थेला खाली यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. जमिनीलगतच्या दाट हवेत तेवढ्यात असंख्य टकरा होऊन ऊर्जा निघून जाते. शंभर किलोमीटर वर हवा इतकी विरळ, की त्या अणूला तेवढी उसंत मिळते.